परवाना तुमच्या हातात आहे

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व महापालिकांचे महापौर व आयुक्त,
सर्व नगरपरिषदांचे नगराध्यक्ष व मुख्याधिकारी



अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू किंवा सिगारेट विकू नये आणि शाळा-महाविद्यालयाच्या कुंपणापासून शंभर यार्डांच्या आत तर ती कुणालाच विकू नये, असे सांगणारा केंद्राचा कायदा 2003 चा आहे. त्याच्या कलम 6 चा भंग करणाऱ्याला होणारा दंड जास्तीत जास्त 200 रुपये आहे. 2003 मध्ये तो तेवढाच होता. शाळा सुटल्यानंतरच्या अर्ध्या तासात ज्या टपरीवर याहून जास्त गल्ला जमतो, तिथे या दंडाचा धाक कुणाला वाटावा?

दुसऱ्या बाजूला 2015 चा बाल न्याय अधिनियम आहे. त्याच्या कलम 77 प्रमाणे मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वाचताना जरब वाटते. पण सातवीतल्या मुलाला तंबाखूची पुडी दिली म्हणून कोणता फौजदार टपरीवाल्याला सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अडकवायला निघणार? त्यातच 2021 च्या दुरुस्तीने या अधिनियमातले तीन ते सात वर्षे शिक्षेचे गुन्हे अदखलपात्र केले. म्हणजे पोलिसांनी तपास करायचा तर आधी न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश हवा. एका पुडीसाठी हे कोण करतो?

एक शिक्षा इतकी हलकी की ती जाणवत नाही, दुसरी इतकी जड की ती कुणी उचलत नाही. या दोहोंच्या मधली जागा रिकामी पडली आहे. ती भरून काढण्याचे साधन तुमच्या कार्यालयातल्या कपाटात आहे. ते म्हणजे परवाना. हे पत्र मी त्यासाठीच लिहीत आहे.

मी एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत आयुष्यभर शिकवले आणि मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. पानटपरी आणि शाळा यांचे नाते मला अहवालांतून शिकावे लागले नाही. मधल्या सुट्टीनंतर पाचवीच्या वर्गात शिरताना येणारा सुपारीचा वास, फळ्याकडे न बघता एका गालात काहीतरी धरून बसलेला हुशार मुलगा, पालकसभेला आलेल्या वडिलांच्या खिशातून डोकावणारी चुन्याची डबी, हे सगळे रोजचे होते. आम्ही दप्तरे तपासायचो, पालकांना बोलवायचो, तंबाखूमुक्तीच्या शपथा घ्यायचो, प्रभातफेऱ्या काढायचो. शाळेच्या फाटकाच्या आत जे करता येते ते केले. फाटकाच्या बाहेर मात्र आमचा हुकूम चालत नव्हता. तिथे तुमचा चालतो.

तुमच्यापैकी काहींना वाटेल की हा प्रश्न मोठ्या मुलांचा, कॉलेजातल्या टोळक्यांचा आहे. तसे नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी 2019 मध्ये झालेल्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात 13 ते 15 वयाच्या भारतीय विद्यार्थ्यांपैकी 8.5 टक्के विद्यार्थी कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत असल्याचे आढळले. त्यांनी सुरुवात केव्हा केली? सिगारेटची साडेअकराव्या वर्षी, विडीची साडेदहाव्या वर्षी आणि धूर न होणाऱ्या, म्हणजे खायच्या-चघळायच्या तंबाखूची 9.9 व्या वर्षी. हे त्या सर्वेक्षणातले मध्यक वय आहे. दहा वर्षे पूर्ण व्हायच्या सुमाराचे मूल चौथी-पाचवीत असते. त्याच्या वयाचा दाखला मागण्याची गरजच नाही. त्याच्याकडे नुसते बघितले तरी विक्रेत्याला कळते.

आणि महाराष्ट्रात तंबाखू म्हणजे प्रामुख्याने खायचाच. 2016-17 च्या प्रौढांच्या सर्वेक्षणात राज्यातले 24.4 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते आणि धूम्रपान करणारे 3.8 टक्के होते. आपल्याकडे सिगारेट ओढणारा मुलगा लगेच डोळ्यांत भरतो, तंबाखू मळणारा भरत नाही, कारण ते घरात, बांधावर, एसटीच्या थांब्यावर सगळीकडेच चाललेले असते. विदर्भात खर्रा, पश्चिम महाराष्ट्रात मावा, घरोघरी मशेरी. गुटख्यावर राज्याने 2012 मध्ये बंदी घातली, पुढे सुगंधित तंबाखू-सुपारीही बंदीखाली आली, तरी पन्नीत घोटलेला खर्रा आणि रबर लावलेली माव्याची पुडी कुठे मिळते हे गावातल्या पोराला पाठ असते.

याहून अवघड गोष्ट पुढेच आहे. आपल्याकडे मूल पहिल्यांदा टपरीवर जाते ते बहुतेक वेळा स्वतःसाठी जात नाही. वडील खाटेवर बसून दहाची नोट हातात देतात आणि म्हणतात, "जा रे, पुडी घेऊन ये." आजीची मशेरी, काकांची सिगारेट, घरी आलेल्या पाहुण्यांचा तंबाखू, सगळे आणायला घरातले सगळ्यात लहान पोर धावते, आणि उरलेल्या रुपयात स्वतःसाठी गोळी घेते. टपरीवाला त्या मुलाला नावाने ओळखतो. "बाबांनी सांगितलंय" एवढे पुरते. काही वर्षांनी तेच मूल तीच पुडी स्वतःसाठी घेते तेव्हा टपरीवाल्याला ते नवीन वाटत नाही आणि मुलालाही आपण काही वेगळे करतो आहोत असे वाटत नाही. ओळख करून देण्याचे काम घरानेच करून ठेवलेले असते.

कायद्याला या "बाबांसाठी" म्हणण्याशी देणेघेणे नाही. विक्री मुलाच्या हातात झाली की कलम 6 मोडले. शिवाय नियम असाही आहे की विक्रीचे ठिकाण सांभाळणारी व्यक्तीही अठराच्या आतली असता कामा नये. वडील जेवायला घरी गेले की टपरीवर बसणारा त्यांचा बारा वर्षांचा मुलगा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्या मुलाचीही आपल्याला काळजी हवी. प्रत्येक विक्रेत्याने 60 बाय 30 सेंटिमीटरचा, मराठीतला फलक लावायचा असतो, की अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकणे हा गुन्हा आहे. माल मुलांच्या हाताला सहज लागेल असा मांडायचा नसतो. 2020 च्या सप्टेंबरपासून राज्यात सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकायलाही बंदी आहे. ही बंदी मुलांच्या दृष्टीने फार मोलाची आहे, कारण पाकीट घेण्याइतके पैसे मुलाकडे नसतात, एका सिगारेटीपुरते असतात. आता तुमच्या कार्यालयातून खाली उतरून कोपऱ्यावरची टपरी बघा. फलक दिसत नाही. चॉकलेटच्या बरणीला लागून तंबाखूच्या माळा लटकलेल्या असतात, तिसरीतल्या मुलाच्या बरोबर डोळ्यांसमोर. आणि कोपऱ्यात दोरीला लायटर बांधलेला असतो, तो सुट्या सिगारेटीसाठीच.

ही पाहणी करायचा अधिकार कुणाचा, असे विचारले की प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवते. पोलीस म्हणतात अन्न व औषध प्रशासन, ते म्हणतात आरोग्य विभाग, आरोग्य विभाग म्हणतो शिक्षण विभागाला कळवले आहे. नगरपालिका म्हणते की हा केंद्राचा कायदा आहे. पण टपरी उभी आहे ती जमीन कुणाच्या ताब्यात आहे? रस्ता, पदपथ, बाजार, गाळे हे सारे तुमच्या ताब्यात आहे. मुंबई महापालिकेच्या 1888 च्या अधिनियमात कलम 394 आहे, इतर महापालिकांच्या 1949 च्या अधिनियमात कलम 376 आहे. नागरिकांच्या आरोग्याला किंवा जिवाला धोका होईल असे धंदे परवान्याखाली आणण्याची तरतूद त्यांत पूर्वीपासून आहे. पदपथावरच्या टपऱ्यांसाठी 2014 चा पथविक्रेता कायदा आहे. त्यात विक्री प्रमाणपत्र नगर पथविक्रेता समितीमार्फत मिळते आणि प्रमाणपत्रातल्या अटी मोडल्या तर ते निलंबित किंवा रद्द करता येते. त्या अटींमध्ये एक ओळ वाढवायला किती शाई लागते?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2017 च्या सप्टेंबरमध्ये सगळ्या राज्यांना पत्र लिहून नेमके हेच सुचवले होते. तंबाखू विकणाऱ्यांना स्थानिक स्वराज्य संस्थेने परवाना द्यावा आणि त्या परवान्याची अट अशी असावी की तिथे गोळ्या, बिस्किटे, वेफर्स, शीतपेये असे काहीही विकता येणार नाही. तंबाखू आणि चॉकलेट एका फळीवर येऊ नयेत, एवढे साधे तत्त्व त्यामागे आहे. मुलाला टपरीपर्यंत ओढून नेणारी वस्तू चॉकलेट असते आणि तिथे त्याची नजर तंबाखूला सरावते. हिमाचल प्रदेशाने 2016 मध्येच सुट्या सिगारेटी बंद करणारा आणि किरकोळ तंबाखूविक्री नोंदणीखाली आणणारा स्वतंत्र कायदा केला. लखनौ महापालिकेने 2021 मध्ये तंबाखू विक्रीसाठी परवाना सक्तीचा केला. आपल्या राज्यात सत्तावीसहून अधिक महापालिका आणि शेकडो नगरपरिषदा, नगरपंचायती आहेत. त्यातल्या एखादीने तरी या बाबतीत पुढे होऊन दाखवावे असे मला फार वाटते.

सीमेपलीकडे पाहा. तंबाखूच्या बाजारपेठेसाठी आणि विडी कामगारांसाठी ओळखली जाणारी निपाणी कर्नाटकात आहे. कर्नाटकाने 2024 मध्ये केंद्राच्या 2003 च्या कायद्यात आपल्यापुरती दुरुस्ती केली, 2025 मध्ये तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यानुसार तिथे विक्रीसाठीचे किमान वय 21 झाले आणि दंड 1,000 रुपयांपर्यंत गेला. म्हणजे निपाणीत जो विद्यार्थी सिगारेट घेऊ शकत नाही तो महामार्गाने कागलला येऊन ती घेऊ शकतो, आणि कागलचा विक्रेता चुकला तरी त्याला 200 रुपयेच भरायचे. तंबाखूवर पोट असलेल्या गावाच्या सरकारला हे जमते. हुक्का पार्लरच्या बाबतीत आपल्या विधिमंडळानेही 2018 मध्ये हाच मार्ग वापरला होता, मुंबईतल्या कमला मिलच्या आगीनंतर. तेव्हा दंड वाढवण्याची मागणी तुम्ही ठराव करून राज्याकडे जरूर पाठवा. पण ती मंजूर होईपर्यंत थांबू नका.

शंभर यार्डांबद्दल सविस्तर लिहिते, कारण इथे गावाचे डोके चालवण्याची गरज आहे. शंभर यार्ड म्हणजे साधारण 91 मीटर, आणि ते शाळेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सगळ्या दिशांना मोजायचे. 2019 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तर ही हद्द रस्त्यावर पिवळ्या रेषेने आखायला सांगितले आहे. काही शाळांनी ती हौसेने आखली, पुढच्या पावसाळ्यात पुसली गेली. ही रेषा शाळेने का आखायची? रस्ता शाळेचा नाही. वाहतुकीचे पट्टे तुमचा बांधकाम विभाग रंगवतो, त्याच कंत्राटात ही रेषा बसते.

पण खरी फट वेगळीच आहे. कायद्यातली शैक्षणिक संस्था म्हणजे मान्यताप्राप्त शाळा-महाविद्यालय. आज अकरावी-बारावीतली मुले दिवसाचे किती तास मान्यताप्राप्त महाविद्यालयात असतात? लातूरला, नांदेडला, पुण्यात, छत्रपती संभाजीनगरला जिथे वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांचे क्लासेस आहेत त्या गल्ल्यांमधून संध्याकाळी चालून पाहा. सोळा-सतरा वर्षांची हजारो मुले घर सोडून खोलीवर, वसतिगृहात राहतात. पहाटेपासून क्लास, मग अभ्यासिका, मग पुन्हा चाचणी परीक्षा. घरचे कुणी जवळ नाही, गुणांची टांगती तलवार डोक्यावर, आणि खाली उतरले की चहाची टपरी. चहाबरोबर सिगारेट. जागरणासाठी म्हणून सुरू होते, मित्राने दिली म्हणून सुरू होते. ही सगळी मुले अठराच्या आतली आहेत आणि त्यांच्यासाठी शंभर यार्डांची रेषा अस्तित्वातच नाही, कारण क्लास ही कायद्याच्या भाषेत शाळा नाही. अभ्यासिका तर नाहीच. केंद्राचा कायदा ही फट बुजवत नाही. पण तुमच्या परवान्याची अट बुजवू शकते. क्लासेसचा परिसर, वसतिगृहे, अभ्यासिका, क्रीडांगणे आणि बालोद्याने यांच्यापासून इतक्या अंतरात तंबाखू विक्रीचा परवाना मिळणार नाही, असे तुम्ही ठरवू शकता. त्यासाठी उपविधी करावा लागला तर तो करून शासनाच्या मान्यतेला पाठवा. आपल्या शहरात मुले कुठे असतात हे दिल्लीला माहीत नसते. तुम्हाला माहीत असते. स्थानिक स्वराज्य संस्था म्हणतात ती याचसाठी.

आता दारू. इथे तुम्ही म्हणाल, हे तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचे काम. बरोबर आहे. राज्यात बीअर प्यायला 21 वर्षे आणि कडक दारू प्यायला 25 वर्षे पूर्ण लागतात आणि परवाने तो विभाग देतो. पण परमिट रूम ज्या इमारतीत आहे तिचा नकाशा तुम्ही मंजूर करता. तिथल्या स्वयंपाकघराचा आरोग्य परवाना, अग्निशमनाचा ना हरकत दाखला, गच्चीवरची शेड, पदपथावर सरकलेली टेबले, हे सारे तुमच्या अखत्यारीत येते. 2024 च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातील मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्याआधी त्याला दारू दिली गेली, असे पोलिसांनी सांगितले आणि बाल न्याय अधिनियमाखाली मद्यालयांच्या चालकांना अटक झाली. त्याच वर्षी जुलैत मुंबईत वरळीला मोटारीखाली एका महिलेचा बळी गेला. त्या प्रकरणात पंचविशी न ओलांडलेल्या ग्राहकाला कडक दारू दिल्याबद्दल उत्पादन शुल्क विभागाने बारला टाळे ठोकले, आणि महापालिकेचे पथक त्या बारचे अनधिकृत बांधकाम पाडायला गेले. पुण्यातही त्या दुर्घटनेनंतर पब आणि छतावरच्या हॉटेलांवर हातोडा पडला.

म्हणजे हातोडा होता. अनधिकृत बांधकामाची माहितीही होती, ते एका रात्रीत उभे राहिले नव्हते. माणसे मेल्यानंतर काही दिवसांत जे पथक पोहोचले ते आधीच्या दोन वर्षांत का पोहोचले नाही, हा प्रश्न मी कुण्या एका अधिकाऱ्याला विचारत नाही. तो तुम्हा सर्वांना आहे. बारमध्ये वयाची कागदपत्रे तपासत नाहीत, अशी तक्रार एकदा नोंदली गेली की उत्पादन शुल्क विभाग, पोलीस आणि तुमचा परवाना विभाग यांनी एकत्र जाऊन त्या जागेचे सगळे कागद एकाच दिवशी बघावेत, एवढा पायंडा पडला तरी खूप झाले.

दारूच्या दुकानावर वॉर्डाचा अधिकार असतो, हे आपल्या राज्याने मान्य केलेलेच आहे. 2008 च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा प्रभागातल्या 25 टक्के महिला मतदारांनी निवेदन दिले तर गुप्त मतदान होते, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी बाटली आडवी केली तर दुकान बंद होते. कितीतरी गावांत बायकांनी उन्हात रांगा लावून बाटली आडवी केली आहे. गडचिरोलीत 2016 पासून मुक्तिपथ अभियान गावागावांच्या संघटनांना हाताशी धरून दारू आणि तंबाखू दोन्हींवर काम करते आहे. मी इथे सरसकट दारूबंदीची मागणी करत नाही. वर्धा, गडचिरोली आणि 2015 ते 2021 या काळातले चंद्रपूर यांचा अनुभव काय सांगतो यावर जाणत्या माणसांत मतभेद आहेत आणि तो वाद वेगळ्या पत्राचा आहे. प्रौढाने काय घ्यावे हा त्याचा प्रश्न आहे असे मानणारा माणूससुद्धा चौदा वर्षांच्या मुलाला ते विकावे असे म्हणणार नाही. इतक्या मोठ्या सहमतीचा प्रश्न सार्वजनिक जीवनात क्वचित सापडतो.

आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. दारूवरचे उत्पादन शुल्क राज्याच्या तिजोरीत जाते, तंबाखूवरचा मोठा कर केंद्र आणि राज्य वाटून घेतात. विक्री घटली तर तुमच्या अंदाजपत्रकाला थेट खड्डा पडत नाही. मुलांच्या बाजूने उभे राहायला सगळ्यांत मोकळे तुम्ही आहात.

टपरीवाल्याविषयी माझ्या मनात राग नाही, हे मुद्दाम लिहिते. चार बाय चारच्या पत्र्याच्या खोक्यात तो पहाटेपासून रात्रीपर्यंत उभा असतो. त्याच्या कमाईतून त्याच्या मुलांच्या फीचे पैसे निघतात; त्याची मुले आमच्याच शाळेत शिकली. तो भिडस्त आहे. समोर ओळखीच्या घरचा मुलगा उभा राहिला तर नाही म्हणायला त्याला आधार हवा. "परवाना जाईल रे बाबा, तुझ्या वडिलांना स्वतः येऊ दे," असे म्हणता येणे हा तो आधार आहे. म्हणून परवान्याची फी अगदी कमी ठेवा. फलक पालिकेनेच छापून द्या. पहिल्यांदा अट मोडली तर लेखी समज, दुसऱ्यांदा आठवडाभर टपरी बंद, तिसऱ्यांदा तंबाखू विक्रीचा परवाना रद्द, पण चहा-बिस्किटांचा धंदा करायला मोकळीक. आठवडाभर टपरी बंद राहणे 200 रुपयांपेक्षा कितीतरी जास्त बोचते, आणि त्यात कुणी तुरुंगात जात नाही, कुणाचे घर उद्ध्वस्त होत नाही. मात्र त्याला माल पुरवणाऱ्या ठोक विक्रेत्याच्या गोदामालाही तितक्याच निकराने भेट द्या. लहानावर हात उगारायचा आणि मोठ्याला नमस्कार करायचा, असे झाले तर लोक या मोहिमेवर विश्वास ठेवणार नाहीत. आणि हा परवाना निरीक्षकाच्या हप्त्याचे नवे निमित्त होऊ नये, याची हमी तुम्हीच देऊ शकता. कोणत्या प्रभागात किती तपासण्या झाल्या, किती समज दिल्या, किती परवाने निलंबित झाले, हे दर महिन्याला पालिकेच्या फलकावर आणि संकेतस्थळावर लावले तर हप्त्याला जागा उरत नाही.

तपासणीसाठी लहान मुलांना सापळा म्हणून वापरू नका. राष्ट्रीय सेवा योजनेतले अठरा-एकोणीस वर्षांचे विद्यार्थी पाठवा, चेहऱ्याने लहान दिसणारे. विक्रेत्याने वय विचारले का, एवढेच त्यांनी नोंदवायचे, खरेदी न करता परत यायचे. आणि ज्या मुलाच्या हातात पुडी सापडेल त्याला गुन्हेगार ठरवू नका. त्याला समुपदेशन हवे, दंतवैद्याची तपासणी हवी, आणि घरात कुणीतरी त्याच्याशी बोलायला हवे.

घरपोच सामान देणाऱ्या अ‍ॅपवरच्या "पान कॉर्नर"कडेही लक्ष द्या. तिथे सिगारेट मागवताना वय अठराच्या वर असल्याचे एका बोटाने मान्य केले की काम होते आणि माल दारात पोहोचवणाऱ्या तरुणाला घाई असते. त्या कंपन्यांची साठवणीची गोदामे तुमच्याच हद्दीत, तुमच्याच दाखल्यांवर चालतात.

एवढ्याने काय होणार, मुले दुसऱ्या गल्लीतून आणतील, असे म्हणणारे सभागृहात नक्की उठतील. त्यांना अमेरिकेतल्या नीडहॅम या बॉस्टनजवळच्या छोट्या गावाची गोष्ट सांगा. 2005 मध्ये त्या एका गावाने आपल्यापुरते तंबाखू विक्रीचे वय 21 केले. शेजारच्या गावांमध्ये ते 18 च होते, मुले सायकलवरून जाऊन आणू शकत होती. तरीही पुढच्या काही वर्षांत तिथल्या माध्यमिक शाळांतले धूम्रपान शेजारच्या गावांपेक्षा जास्त वेगाने घटल्याचे अभ्यासकांना आढळले, कारण चौदा वर्षांचे मूल रोज पाच मैल जात नाही. ते जवळचे घेते किंवा विसरून जाते. एकेक गाव, एकेक शहर त्या वाटेने गेले आणि 2019 च्या डिसेंबरात ते साऱ्या देशाचे वय झाले. सुरुवात एका ग्रामसंस्थेने केली होती, राजधानीने नव्हे.

मनुष्यबळ नाही, ही अडचण मला मान्य आहे. परवाना विभागात माणसे कमी आहेत, आरोग्य निरीक्षकाकडे डासांपासून कचऱ्यापर्यंत सगळे आहे. म्हणून साऱ्या शहराची सुरुवात एकदम करू नका. पहिल्या वर्षी पालिकेच्या स्वतःच्या शाळा आणि क्लासेसची एक गल्ली घ्या. मालमत्ता कराच्या नकाशावर शाळांचे ठिपके आहेतच; त्यांच्याभोवती वर्तुळे काढा आणि त्या वर्तुळांत किती टपऱ्या, किती किराणा दुकाने, किती बीअर शॉपी येतात ते मोजा. हे काम तुमच्या अभियंत्याला एका आठवड्यात जमेल.

विदर्भाबाहेरच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भातल्या महिनाअखेरीस. त्याआधी सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर तंबाखू विक्री परवान्याचा विषय घ्या, नगर पथविक्रेता समितीची बैठक बोलवा आणि टपरीवाल्यांच्या प्रतिनिधींना तिच्यात बोलू द्या. आमच्या गावातल्या निवृत्त शिक्षकांनी शाळांभोवतीच्या विक्रीकेंद्रांची यादी आणि ठरावाचा कच्चा मसुदा तयार केला आहे. आमच्या मुख्याधिकाऱ्यांना तो देतच आहोत. इतर कोणत्याही पालिकेला हवा असेल तर त्याची प्रत मिळेल, आणि कुठे येऊन समजावून सांगायचे असेल तर आमच्यापैकी कुणीही एसटीने यायला तयार आहे.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त मुख्याध्यापिका